अंगणातील आणि शिवारातील तणे : ओळख व बंदोबस्त



सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव श्री उत्तरेश्वराच्या देवस्थानामुळे आणि तेथे तयार होणाऱ्या कुंकवामुळे सर्वपरिचित आहे. दौंड-कुर्डुवाडी लोहमार्गावरील या गावाचा शेतीचा कणा मात्र पूर्वीपासून रब्बी ज्वारी हाच राहिला आहे. हा सारा टापू पर्जन्यछायेत मोडतो. वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सहाशे मिलीमीटर पाऊस, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. त्या पावसाची ओल काळ्या जमिनीत साठवायची आणि त्याच ओलीवर चार महिने पीक वाढवायचे, अशी येथील शेतीची रीत आहे. उजनीच्या पाण्याने तालुक्याच्या काही भागांत ऊस आणि केळी आणली. तरी कोरडवाहू रानातील शेतकऱ्याला ओलीचा हिशेब आजही काटेकोरपणे ठेवावा लागतो.

या हिशेबातील न बोलावलेला वाटेकरी म्हणजे तण. खताला, प्रकाशाला आणि जागेला ते पिकाशी झगडतेच. पण कोरडवाहू शेतीत त्याने ओढून घेतलेले पाणी हे सर्वांत मोठे नुकसान होय. हे नुकसान कीड-रोगासारखे एकाएकी डोळ्यांत भरत नाही. पान कुरतडलेले दिसत नाही की कणीस काळे पडत नाही. पीक फक्त थोडे खुजे राहते, दाणा थोडा बारीक पडतो आणि त्याचा दोष पावसाच्या माथी मारला जातो. म्हणूनच तणांची ओळख आणि त्यांच्या बंदोबस्ताची वेळ या दोन्ही गोष्टी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तण कशाला म्हणावे?

नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण, अशी याची साधी व्याख्या आहे. हरळीचे उदाहरण घ्यावे. गणेशचतुर्थीला जिची जुडी भक्तिभावाने वाहिली जाते, ती दूर्वा म्हणजेच हरळी. शाळेच्या, मंदिराच्या किंवा रुग्णालयाच्या आवारात हिरवळ करावयाची झाल्यास तीच मुद्दाम लावली जाते. बांधावर ती माती धरून ठेवते, जनावरांना चारा होते. हीच हरळी बांध ओलांडून ज्वारीच्या रानात शिरली की शेतकऱ्याचा कित्येक वर्षे पिच्छा सोडत नाही. लव्हाळ्याच्या गाठी वैद्यकात नागरमोथा म्हणून उपयोगी पडतात. घोळ, तांदुळजा, पाथरी आणि कुर्डू यांची भाजी घरोघरी होते. आघाडा श्रावणात पत्रीमध्ये लागतो. तेव्हा प्रत्येक रानरोप शत्रू समजून उपटण्याचे कारण नाही. कोणते रोप, कोणत्या जागी आणि किती प्रमाणात, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

ओळखीच्या तीन खुणा

तणांच्या शेकडो जाती असल्या तरी बंदोबस्ताच्या दृष्टीने त्यांचे तीन वर्ग पुरेसे आहेत.

पहिला वर्ग गवतांचा. पाने लांब व अरुंद, शिरा समांतर, खोड गोल किंवा चपटे आणि त्यावर स्पष्ट पेरे. हरळी, कुंदा, शिंपी, चिमणचारा ही या वर्गातील तणे होत.

दुसरा वर्ग लव्हाळ्याचा. वरवर पाहता हे गवतच वाटते. परंतु फुलाची दांडी दोन बोटांत धरून फिरविली असता तिच्या तीन कडा बोटांना जाणवतात. दांडी भरीव असते आणि तिला पेरे नसतात. ही परीक्षा शाळेतील मुलालाही करता येते.

तिसरा वर्ग रुंद पानांच्या तणांचा. यांच्या पानांत शिरांचे जाळे असते. गाजरगवत, घोळ, माठ, आघाडा, एकदांडी, दुधी, सराटा, पिवळा धोतरा ही सर्व या वर्गातील. केना हा मात्र फसवा आहे. त्याचे पान रुंद दिसले, तरी शिरा समांतरच असतात आणि खोडाला पेरे असतात.

याखेरीज तण एकवर्षायू आहे की बहुवर्षायू, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे. एकवर्षायू तण केवळ बियांपासून वाढते; ते फुलावर येण्यापूर्वी काढले की त्याचा वंश तेथेच खुंटतो. बहुवर्षायू तण मुळ्या, गाठी किंवा जमिनीखालील खोडांतून पुन:पुन्हा फुटते. त्याला वरवर खुरपणे म्हणजे छाटणी करून फुटव्याला जोर देण्यासारखे होते.

अंगणातील व हिरवळीवरील तणे

घराचे अंगण, परसबाग, शाळेची फुलबाग आणि मंदिराचे आवार येथे आढळणारी तणे लहान दिसतात, पण त्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात.

घोळ मांसल पानांची आणि जमिनीलगत पसरणारी. उपटून तेथेच टाकली तर तिच्या खोडातील पाण्यावर ती कित्येक दिवस तग धरते आणि ओल लागताच पुन्हा मूळ धरते. म्हणून ती उपटल्यावर वाफ्याबाहेर नेली पाहिजे. कोवळी असल्यास भाजीसाठी घरात न्यावी हे उत्तम. केन्याची निळी फुले सर्वांच्या परिचयाची आहेत. पण तो जमिनीखालीही न उमलणारी फुले धरतो आणि तेथेच बी तयार करतो. त्याच्या खोडाचा पेऱ्यासह राहिलेला तुकडा पुन्हा रुजतो. त्यामुळे कोयत्याने कापण्यापेक्षा जमीन ओली असताना मुळासकट उपटणे हाच खरा उपाय.

आंबुटीची तीन पाकळ्यांची पाने आणि पिवळी फुले दिसावयास सुंदर असतात. परंतु तिच्या शेंगा पक्व झाल्या की फुटून बी दूर उडते. एकदांडीचे बी म्हाताऱ्यांप्रमाणे वाऱ्यावर तरंगत जाते. दुधी मोडली असता पांढरा चीक निघतो. ती विटांच्या फटींतही वाढते. सराटा पिवळ्या फुलांनी ओळखावा. त्याची काटेरी फळे अनवाणी पायांत व सायकलच्या टायरमध्ये रुततात आणि त्यांच्याबरोबरच बी दूरवर पोहोचते. शाळेच्या मैदानावरील सराटा फळे हिरवी असतानाच काढून टाकावा.

हिरवळ तयार करताना पुष्कळदा घाई केली जाते. जागा खणली, हरळीच्या मुळ्या लावल्या, पाणी दिले आणि महिन्याभरात हरळीपेक्षा लव्हाळाच अधिक, असा अनुभव येतो. हे टाळण्यासाठी जागा खणून प्रथम नुसते पाणी द्यावे. दहा-पंधरा दिवसांत तणे उगवतात. ती काढून टाकावी आणि असे दोन-तीन वेळा केल्यानंतरच हरळी लावावी. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. हिरवळ फार खोल कापू नये. अति आखूड कापलेल्या हरळीत जमीन उघडी पडते आणि तणांना सूर्यप्रकाश मिळतो. दाट वाढलेली, नियमित कापलेली हिरवळ स्वत:च बरीचशी तणे दाबून टाकते.

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी येथील कडक ऊन उपयोगी पडते. एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कागद पसरावा व कडा मातीने बंद कराव्यात. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातील बरेचसे तणांचे बी उष्णतेने मरते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र या उपायाला सहजासहजी दाद देत नाहीत.

लव्हाळा, हरळी आणि कुंदा

ही तीन बहुवर्षायू तणे शेतकऱ्याची खरी परीक्षा पाहतात. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली धाग्यासारख्या मुळ्यांनी माळेप्रमाणे जोडलेल्या असतात. वरचे पान ओढले की माळ तुटते, एक गाठ हाती येते आणि उरलेल्या गाठी फुटण्यास मोकळ्या होतात. अनुकूल परिस्थितीत एका गाठीपासून एका हंगामात शंभराच्या घरात गाठी तयार होऊ शकतात. जगातील सर्वांत उपद्रवी तणांत लव्हाळ्याची गणना होते, ती यामुळेच.

तथापि या गाठींचे एक मर्म आहे. त्यांपैकी बहुतेक जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असतात आणि कोरड्या उन्हात त्या वाळून मरतात. म्हणून ज्वारीची काढणी होताच, जमिनीत थोडी ओल आहे तोवर नांगरट करावी, ढेकळे उन्हात तापू द्यावीत आणि कुळवाच्या पाळ्या देऊन वर आलेल्या गाठी, हरळीच्या काशा वेचून घ्याव्यात. वेचलेली काशी बांधावर टाकू नये. पहिल्याच पावसात ती तेथून रानात परत येते. ती पूर्ण वाळवून नष्ट करावी.

कुंदा भारी काळ्या जमिनीतला. त्याच्या मुळ्या खोल जातात, त्यामुळे वरवरच्या कुळवणीने तो हटत नाही. जेथे त्याचे बेट असेल तेवढी जागा उन्हाळ्यात खोल नांगरून वा खणून मुळ्या काढाव्या लागतात. बेट लहान असतानाच हे काम केले तर दोन माणसांच्या एका दिवसात होते. दुर्लक्ष केल्यास तेच काम पुढे ट्रॅक्टरच्या भाड्यावर जाते.

गाजरगवत : शेताबाहेरचे संकट

गाजराच्या पानांसारखी पाने आणि चांदणीसारखी बारीक पांढरी फुले यांमुळे गाजरगवत किंवा चटकचांदणी ही नावे रूढ झाली. हे मूळचे अमेरिका खंडातील तण. भारतात ते १९५५ साली पुणे येथे ठळकपणे नजरेस आले आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकन कायद्याखाली आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असा समज सर्वत्र आहे. तथापि त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे, म्हणजे तण दिसल्यानंतरचा. धान्याबरोबरच बी आले असेल, तर ते त्याआधीच्या आयातीतून आले असले पाहिजे. आले कसेही असो, रस्ते, लोहमार्ग, कालवे आणि गावठाणातील मोकळ्या जागा यांच्या आधाराने ते देशभर पसरले.

एक झाड हजारो बिया तयार करते. बी हलके असल्याने वाऱ्याने, पाण्याने, वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलाने ते पुढे जाते. या तणातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते, कातडी जाड व काळपट होते. त्याच्या परागामुळे काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. जनावरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. चाऱ्यातून पोटात गेल्यास दुधाला कडवट चव येते.

बंदोबस्ताची योग्य वेळ पावसाळ्याच्या सुरुवातीची. या काळात रोप जमिनीलगत पानांच्या चक्रासारखे पसरलेले असते, माती ओली असते आणि ते मुळासकट येते. हातमोजे घालावेत; ते नसल्यास हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. त्वचेचा वा दम्याचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना या कामास लावू नये. फुलावर येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत खड्ड्यात कुजवून खत करता येते. फुले व बी धरलेले झाड खतात कधीही घालू नये.

या तणाला एक नैसर्गिक शत्रूही आहे. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगा १९८४ साली बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद वळणदार रेषा असलेला हा लहानसा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. पावसाळ्यात तो कामाला लागतो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो. जेथे हा भुंगा दिसेल, तेथे कीटकनाशक मारू नये. तेथील काही भुंगे गोळा करून दुसऱ्या जागी सोडावेत. रिकाम्या जागेवर टाकळ्याचे बी फेकल्यास दाट उगवलेला टाकळा गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने झाड जळते. परंतु ते शेतात वापरू नये, कारण त्याने जमीन खारावते.

ज्वारीतील टारफुला

मोहोळ येथील केंद्रात निवड पद्धतीने काढलेली मालदांडी ३५-१ ही या भागाची ओळख. या ज्वारीचे सर्वांत कपटी तण म्हणजे टारफुला. वीतभर उंचीचे, नाजूक पांढऱ्या फुलांचे हे रोप निरुपद्रवी वाटते. पण त्याची मुळे ज्वारीच्या मुळांना चिकटून त्यांतील रस शोषतात. त्याचे बी धुळीच्या कणाइतके बारीक असते, एका रोपापासून हजारोंनी तयार होते आणि मातीत दहा ते वीस वर्षे जिवंत राहू शकते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागल्यावरच ते रुजते. टारफुला जमिनीवर दिसण्यापूर्वीच पिकाचे बरेचसे नुकसान झालेले असते. जमिनीत ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसू लागली, तर मुळाशी उकरून पाहावे.

टारफुला फुलावर येण्यापूर्वी उपटावा. त्या रानात सतत ज्वारी घेऊ नये. सूर्यफूल, भुईमूग, कापूस यांसारख्या पिकांच्या मुळांमुळे टारफुल्याचे बी रुजते, पण त्या पिकांवर त्याला जगता येत नाही आणि ते आपोआप मरते. शेणखत व नत्र यांचा पुरेसा पुरवठा असलेल्या जमिनीत त्याचा उपद्रव कमी राहतो.

कोळपणीचे महत्त्व

सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. कमी पावसाच्या शेतीसाठी तेथून जी पद्धत पुढे आली, तिच्यात बांधबंदिस्ती, पेरणीपूर्वीच्या कुळवाच्या पाळ्या, दोन ओळींतील पुरेसे अंतर आणि वारंवार आंतरमशागत यांवर भर होता. रब्बीच्या रानात जून ते सप्टेंबर दिलेली प्रत्येक पाळी तणांची एकेक उगवण मोडून काढते. पेरणीनंतर ज्वारी तीन आठवड्यांची असताना पहिली, पाच आठवड्यांची असताना दुसरी आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी कोळपणी करावी. तिसऱ्या कोळपणीने तणाबरोबर जमिनीच्या भेगाही बुजतात आणि ओल उडून जात नाही. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जे जुने शेतकरी म्हणतात, त्याचे मर्म हेच. पिकाचे पहिले चार-सहा आठवडे तणमुक्त राहिले पाहिजेत. त्यानंतर केलेली खुरपणी रान स्वच्छ दाखवते, पण गेलेले उत्पन्न परत आणत नाही.

खुरपणीचा भार मुख्यत: स्त्रियांवर पडतो. वाकून, उकिडवे बसून दिवसदिवस चालणारे हे काम वेळेवर दिलेल्या कोळपण्यांनी आणि स्वच्छ बियाण्याने निश्चित हलके होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

तणनाशके वापरताना

मजुरांची टंचाई वाढल्यापासून तणनाशकांचा वापर वाढला आहे. ती उपयुक्त आहेत; मात्र डोळे मिटून वापरण्याची वस्तू नव्हे. ज्वारीत पेरणीनंतर, उगवणीपूर्वी आणि जमिनीत ओल असताना अ‍ॅट्राझीन वापरले जाते. परंतु ज्वारीत करडईचे पट्टे असतील, तर तेच औषध करडई मारून टाकते. ‘२,४-डी’ रुंद पानांची तणे मारते. त्याचे तुषार वाऱ्याने शेजारच्या द्राक्षे, कापूस, टोमॅटो किंवा डाळवर्गीय पिकावर गेल्यास तेथेही नुकसान होते व भावकीत नसते तंटे उभे राहतात. फवारणी वारा शांत असताना, नोझल खाली धरून करावी. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा.

ग्लायफोसेट हे पानांतून मुळांपर्यंत पोहोचणारे तणनाशक हरळी-लव्हाळ्यावर चालते. पण ते हिरव्या पिकालाही सोडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली आहे. म्हणून खरेदीपूर्वी प्रचलित नियम तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातून समजून घ्यावेत. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा उपलब्ध नाही. कोणतेही तणनाशक पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये, घरात तर मुळीच ठेवू नये. मात्रा वेष्टनावर छापलेली असते, तीच पाळावी.

पिवळ्या धोतऱ्याविषयीही एक इशारा आवश्यक आहे. त्याचे काळे बारीक बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलामुळे जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन अनेकांचे प्राण गेले. मळणीपूर्वीच हे काटेरी झाड रानातून काढलेले बरे.

गावाने मिळून करावयाचे काम

एका शेतकऱ्याने रान स्वच्छ ठेवले आणि शेजारच्या पडीकात गाजरगवत फुलले, तर त्याचे श्रम वाया जातात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या कामाची वाटणी करून दुसऱ्याच दिवशी आरंभ करता येईल. स्थानकाचा रस्ता, शाळेचे मैदान, देवळाचे आवार, पाणवठा आणि स्मशानभूमी असे भाग आळीआळीने वाटून घ्यावेत. पेरणी-काढणीला सावड करण्याची रीत गावोगाव आहे; तीच तणांसाठी वापरावी.

वर्षाचा क्रम थोडक्यात असा ठेवावा : काढणीनंतर नांगरट व काशा वेचणे, एप्रिल-मे मध्ये रोपवाटिकेचे वाफे तापविणे, जून-जुलैत पाळ्या देणे व गाजरगवत कोवळे असताना उपटणे, ऑगस्टमध्ये सार्वजनिक जागांची स्वच्छता, पेरणीच्या वेळी चाळलेले, स्वच्छ बियाणे, त्यानंतर तीन कोळपण्या, आणि ज्वारी पोटऱ्यात येण्यापूर्वी टारफुल्यासाठी रानातून एक फेरी. यासाठी लागणारी अवजारे, कुळव, कोळपे आणि खुरपे, घरोघरी आहेत. ती वेळेवर बाहेर काढली, तर परतीच्या पावसाची ओल तणांऐवजी ज्वारीच्या कणसात जाईल.